मापाची सायकल

शांतिपूरच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळची भेट म्हणजे कंपासपेटी, असं सलग अकरा वर्षं चाललं होतं. त्याआधी एकदा वेगवेगळ्या भेटी देऊन पाहिल्या होत्या. एकाला बॅट मिळाली, दुसऱ्याला चेंडू, आणि त्यावरून दोन घरं ईस्टरपर्यंत एकमेकांकडे पाठ करून बसली. उपासनेत सगळ्यांची तोंडं वेदीकडेच असतात, त्यामुळे एकमेकांकडे पाठ करून बसायला किती कष्ट पडले असतील, याची कल्पना करावी. तेव्हापासून पंचांनी ठरवलं की सगळ्यांना एकच वस्तू. तीन-तीन भावंडांच्या घरात कंपासपेट्यांचे ढीग झाले. वाघमारेकाकू त्यांत मोहरी-जिरं ठेवत आणि फोडणीच्या वेळी आतल्या कोनमापकाने हळद मोजत.

बाराव्या वर्षी मात्र कायदा आला. पालकांची तक्रार होती की हजारो खेळणी दोन दिवसांत माळ्यावर जातात. म्हणून प्रत्येक खेळण्याचं 'खेळायुष्य', म्हणजे मूल त्याच्याशी किती काळ खेळेल ते, विकण्याआधी सांगणं सक्तीचं झालं, तेही सरसकट नव्हे, त्या-त्या मुलापुरतं. ते काढायला यंत्र निघालं. त्याचं नाव 'पारखी'. तालुक्याच्या वाचनालयाकडे एक होतं, ते मंडळीला डिसेंबरपुरतं वापरायला मिळालं आणि चालवायची जबाबदारी ओबेद आढावकडे आली. ओबेद गावोगाव सीसीटीव्ही बसवायचा, संडे स्कूल घ्यायचा आणि नाताळात नाताळबाबा व्हायचा. सव्वीस वर्षांच्या या माणसाचा चेहरा असा होता, की तो विनोद सांगतोय की निधनवार्ता, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नसे. दफनविधीत त्याला बोलू देत नसत. त्याने काही केलं नव्हतं, पण लोक आधीच हसायला तयार होऊन बसत.

यंत्र आलं त्याच दिवशी तो मार्थाताईकडे गेला. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, गावातली शिवणकाम करणारी. तिच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नव्हती. प्रत्येक शिवणीत ती इतकी माया सोडायची, म्हणजे आतल्या बाजूला इतकं जादा कापड, की झगा पुढची चार वर्षं उसवून वाढवता यावा. तिच्या मुलीचा, एस्तेरचा, बाप्तिस्म्याचा झगा एस्तेरला पाचव्या वाढदिवसाला अगदी बरोबर बसला होता.

"एस्तूला सायकल घ्यायचीय नाताळाला," मशीनवरून मान वर न करता ताई म्हणाली. "तू आण. लाल. आणि मापाची."

"कुणाच्या मापाची?"

"तिच्या. आजच्या."

ओबेदने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. ताई, नऊ वर्षांची आहे ती, उद्या ताडासारखी वाढेल. पुढच्या वर्षी मोठी घे, लग्नापर्यंत चालेल. तिच्या नवऱ्यालाही चालेल."

"यंदाच. आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

"बरं."

"आणि ऐक. तुझ्या त्या चटईवर तिला उभी करू नकोस."

"का?"

"मला नाही आवडत. माणसाला मोजायचं नसतं."

"तू शिंपीण आहेस, ताई."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि मशीनचं पायडल जरा जोरात दाबलं.

*

पारखी म्हणजे एक चटई आणि चार कॅमेरे. चटईखाली हजारो बारीक ठिपके असत, पाऊल कुठे, किती भाराने आणि किती वेळ टेकलं हे सांगणारे. कॅमेरे गुडघा, घोटा, मान यांचे कोन टिपत आणि मूल कुठे बघतंय तेही. दहा मिनिटं मुलाने नुसतं खेळायचं. यंत्राच्या पोटात लाखो मुलांची अशीच दहा-दहा मिनिटं साठवलेली होती, आणि ती मुलं पुढे काय काय खेळली, केव्हा थांबली, तेही. नवीन मूल आलं की पारखी त्या गर्दीतून त्याच्यासारखी शे-दोनशे मुलं शोधून काढी आणि ती जिथे गेली तिकडेच हेही जाईल असा अंदाज बांधी. त्यात भविष्य सांगण्यासारखं काही नव्हतं. शाळेत नव्या मुलाकडे पाहून शिपाई म्हणतो ना, हा मागच्या बाकावर जाणार, तसंच. फक्त या शिपायाने चाळीस लाख मुलं पाहिली होती.

कायद्याने त्याला एक गोष्ट मात्र बंद होती. खेळण्याच्या यंत्राने आरोग्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टरकी करायची नाही. त्यामुळे त्याला जे काही कळे, ते सगळं गाळून शेवटी दोनच गोष्टी बाहेर येत. खेळण्याचं नाव आणि ते किती काळ चालेल त्याचा आकडा.

पहिल्या रविवारी आधी पाळकसाहेब स्वतः चटईवर उभे राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पायात मोजे, हातात चेंडू. चिठ्ठी आली, 'वाळूत खेळायची बादली आणि फावडं. खेळायुष्य बावीस वर्षं.'

"बावीस?" पाळकसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे त्र्याऐंशीपर्यंत हमखास." त्या दिवसाचा उपदेश त्यांनी उपकारस्तुतीवर दिला आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली.

ओबेदला फुटबॉल आला, खेळायुष्य एकतीस वर्षं. मग मुलांची रांग लागली. कुणाला किल्ल्यांचे ठोकळे, कुणाला बोलता रोबो, कुणाला दोरीचा झोका. सगळ्यांत शेवटी एस्तेर येऊन उभी राहिली.

"तुला आईने नको म्हटलंय," ओबेद म्हणाला.

"का? सगळे उभे राहिले. तो जोएल राहिला, त्याला अजून नाकसुद्धा पुसता येत नाही."

"माणसाला मोजायचं नसतं."

"मग पाळकसाहेबांना का मोजलंत? ते माणूस नाहीत का?"

पाळकसाहेब जवळच उभे होते. ओबेदने तिला चटईवर घेतलं. ती दहा मिनिटं चेंडू मारत, बडबड करत खेळली, दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा चटईला दोष दिला. चिठ्ठी आली, 'स्टँडवरची दुर्बीण. खेळायुष्य अठरा वर्षं.'

"दुर्बीण कुणी मागितली?" एस्तेर म्हणाली. "मामा, तुझं यंत्र आजोबा आहे."

सायकलचं गुपित ओबेदच्या पोटात होतं, म्हणून मुलं गेल्यावर त्याने सहज यंत्राला विचारलं, एस्तेर, सायकल. आकडा आला, चौदा महिने. त्याने दोरीउड्यांची दोरी विचारली. पाच महिने. ठिकरीची चटई, तीन. स्केट्सपुढे आकडा नव्हताच, नुसती रेघ होती.

यंत्र बिघडलं, असं त्याने ठरवलं. खात्री करायला जोएलचे आकडे काढले. सायकल सात वर्षं, दोरी चार, स्केट्स सहा. नाक पुसता न येणाऱ्या पोराचं खेळायुष्य दुथडी भरून वाहत होतं.

पुढच्या रविवारी त्याने एस्तेरला पुन्हा उभं केलं. सायकलपुढे आता तेरा महिने आले.

*

कंपनीच्या मदतकेंद्रातला आवाज फार गोड होता. "सर, आम्ही फक्त खेळण्यांबद्दल बोलू शकतो."

"सायकल खेळणंच आहे."

"हो सर."

"मग तेरा महिन्यांनी काय होतं?"

"तेरा महिन्यांनी मूल ती सायकल खेळत नाही, सर."

"का खेळत नाही?"

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग तो आवाज म्हणाला, "दुर्बीण फार छान आहे, सर." ती बाई खरी होती की यंत्र, हे ओबेदला कळलं नाही. पण त्या थांबण्यावरून त्याला वाटलं, खरी असावी.

कॅमेरे हा तर त्याचा रोजचा धंदा. त्याने यंत्रातलं कच्चं चित्रण उघडलं. मुलांच्या नजरेच्या जागी हिरवा ठिपका दिसत होता. जोएलचा ठिपका चेंडूवर, मग पंख्यावर, मग दुसऱ्याच्या खाऊवर. एस्तेरचा ठिपका दर तिसऱ्या पावलाला खाली जात होता, स्वतःच्या पायांवर. बडबड चालू, हसणं चालू, आणि डोळे सारखे खाली जाऊन पाहून येत होते, पाय आहेत ना जागेवर.

त्याला आंधळी कोशिंबीर आठवली. नाताळच्या प्रीतिभोजनानंतर मुलं ती खेळायचीच. गेली दोन वर्षं एस्तेरवर राज्य आलं की ती पट्टीखालून बघायची. पोरं ओरडायची, चीटर, चीटर. गेल्या नाताळाला दाढी लावून तोही त्यांच्यात ओरडला होता, सगळ्यांत मोठ्याने.

मग त्याने वाचलं. जे वाचलं ते समजायला त्याला फारसं जड गेलं नाही, कारण ती वायरिंगची गोष्ट होती. आपले पाय कुठे आहेत, हे आपल्याला न बघताही कळतं. अंधारात जिना उतरता येतो तो त्यामुळे. पायांपासून निघालेल्या मज्जातंतूंच्या तारा ही बातमी पाठीच्या कण्यातून मेंदूला पोचवत असतात. काही मुलांत या तारा आतून झिजत जातात. सगळ्यांत लांब तारा आधी, म्हणजे पायांच्या. मग डोळे ते काम अंगावर घेतात आणि बरीच वर्षं कुणाला कळतही नाही. ज्या कॅमेऱ्याची केबल सगळ्यांत लांब, त्याचंच चित्र आधी बिघडतं, हे ओबेद रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे. गिऱ्हाईक विचारायचं, मग उपाय? तो म्हणायचा, केबल बदलायची. दोनशे रुपयांचं काम.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येणाऱ्या एस्तेरला त्याने चर्चच्या अंगणात थांबवलं.

"पाय जोडून उभी राहा. आता डोळे मीट."

"नाही खेळायचं मला हे."

"खेळ नाही. दहापर्यंत मोज. तुझ्यासाठी एक सरप्राइज आहे."

तिने डोळे मिटले. एक म्हणाली, दोन म्हणाली, आणि तिनाच्या आत ती कलायला लागली, वारा नसताना दोरीवरचं कापड हलावं तशी. ओबेदने तिला धरलं.

तिने डोळे उघडले. रागाने लाल झाली होती. "तू ढकललंस."

"हो," ओबेद म्हणाला. "मीच ढकललं."

"हेच सरप्राइज?"

"हेच."

"घाणेरडं आहे."

"आहे खरं."

*

ताई नाताळचे झगे संपवत बसली होती. दुपारची वेळ, एस्तेर शेजारी खेळायला गेलेली. ओबेद दारातल्या स्टुलावर बसला. त्याने विनोदाने सुरुवात करायची ठरवली होती, बादली-फावड्याची गोष्ट सांगायची होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ताईने मशीन थांबवलं. "चटईवर उभी केलीस."

"दोनदा."

"किती म्हणालं?"

"चौदा महिने. मग तेरा."

ताईने सुईत दोरा ओवायला घेतला. तो पहिल्या झटक्यात गेला. ते पाहूनच ओबेदला कळलं. "तुला माहीत होतं."

"जूनपासून. तिला चष्म्याच्या नंबरासाठी पुण्याला नेतो म्हणून सांगितलं होतं ना, ते या तपासणीसाठी. तिच्या पप्पांना माहीत आहे आणि मला. औषध आहे आता, वेग कमी करतं. थांबवत नाही."

"जूनपासून, ताई. मी रोज येतो इथे. रोज जेवतो."

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

ताईने झगा मांडीवर घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आम्ही दोघं हसतो ना तिच्यासमोर, ते तिला आता ओळखू यायला लागलंय. परवा मला म्हणाली, आई, तू हसतेस तेव्हा दात दुखतात का. तू आलास की ती ऐकत बसते, तुझ्या चपला वाजल्यापासून."

"माझा तर चेहराच हसत नाही."

"चेहरा नाही हसत रे. तू हसतोस. घरात एक माणूस तरी खरं हसणारं पाहिजे होतं. तुला सांगितलं असतं तर तेही गेलं असतं." ती थांबली. "एक नाताळ मागितला होता मी फक्त. नंतर सांगणारच होते. जानेवारीत."

ओबेदने समोरच्या झग्याकडे पाहिलं. एस्तेरचा होता, पांढरा, बाह्यांना लेस लावलेला. आतली शिवण सरळ, बारीक होती. मायेची पट्टी नव्हतीच.

"म्हणून मापाची," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षीची घेऊन काय करू?" ताईचा आवाज पहिल्यांदाच जरा तुटला. "डॉक्टर म्हणाले, सायकल चांगली. पेडलवर पाय असले की ते कुठे आहेत ते शोधावं लागत नाही. चालवेल तितके दिवस चालवू द्या म्हणाले. दोन्ही पाय टेकणारी घ्या. मग मी म्हटलं, लाल घेऊ."

ओबेद उठला आणि चपला घालताना म्हणाला, "यंत्राने पाळकसाहेबांना बादली दिलीय. बावीस वर्षांची."

ताईने मान हलवली. दोघंही हसले नाहीत.

*

पंचवीस तारखेला उपासना झाली, प्रीतिभोजन झालं. चाळीस मुलांना चाळीस वेगळ्या भेटी मिळाल्या आणि एकही घर पाठ करून बसलं नाही, कारण भांडण कुणाशी करायचं तर यंत्राशी, आणि त्याचं बाकच नव्हतं. एस्तेरला दुर्बीण मिळाली. तिने उलट्या बाजूने पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि ते लांब गेल्याचं जाहीर केलं.

मग मुलांनी आंधळी कोशिंबिरीचा गोल केला. ओबेद लाल अंगरख्यात, कापसाच्या दाढीत बाजूला उभा होता. दहा-वीस झालं, सुटत सुटत शेवटी एस्तेर उरली.

"एस्तेरवर राज्य," पोरं ओरडली. "पट्टी घट्ट बांधा. चीटर आहे ती."

एस्तेरने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, आणि ताईने हातातली ताटं खाली ठेवली.

"थांबा," नाताळबाबा म्हणाला. "चुकीचा खेळ चाललाय. उत्तर ध्रुवावर असा खेळत नाहीत."

"मग कसा खेळतात?" जोएलने विचारलं.

"ज्याच्यावर राज्य, त्याचे डोळे उघडे. बाकी सगळ्यांना पट्टी. सगळ्यांना म्हणजे पंचांनाही."

पंचांपैकी एक शिंदेसर होते. ते म्हणाले, "ही कुठली पद्धत, ओबेद?"

"तिकडे सहा महिने अंधार असतो, सर. सगळ्यांनाच दिसत नसतं. ज्याला दिसतं त्याच्यावर राज्य."

तो हे अशा चेहऱ्याने म्हणाला की शिंदेसरांनी खिशातून रुमाल काढला. पाळकसाहेबांनीही काढला. ओढण्या निघाल्या, मफलर निघाले, वाघमारेकाकूंनी पदर डोळ्यांवर घेतला. प्रत्येकाने जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या, आणि चर्चच्या अंगणात साठ-सत्तर माणसं हात पुढे करून तोल सावरत, एकमेकांवर आपटत, माफी मागत फिरू लागली. शिंदेसरांनी नाताळच्या झाडाला दोनदा माफ कर म्हटलं. कुणालाच आपले पाय नेमके कुठे आहेत ते कळत नव्हतं.

त्या सगळ्यांच्या मधून एकटी एस्तेर डोळे उघडे ठेवून, आपल्या पायांकडे बघत, हवी तितकी सावकाश चालली. घाई करायचं कारणच नव्हतं. तिने जोएलला धरलं, काकूंना धरलं, पाळकसाहेबांना दोनदा धरलं. पट्टी बांधलेल्या ओबेदला हे काही दिसत नव्हतं. नुसतं तिचं हसणं ऐकू येत होतं, कधी लांब, कधी जवळ. सगळ्यांत शेवटी त्याचा अंगरखा ओढला गेला.

"मामा. धरलं."

"मी नाताळबाबा आहे."

"तुझी पट्टी ओली आहे."

"घाम आहे."

"डिसेंबरात?"

"उत्तर ध्रुवावरून चालत आलोय."

यावर हसणं भागच होतं, म्हणून तो हसला. एस्तेर हसली नाही. ती ऐकत होती. तो हसायचा थांबेपर्यंत तिने ऐकलं, आणि मग अंगरख्यावरची मूठ जराशी सैल झाली.

"मामा, तू पण आईसारखं हसायला लागलास," ती म्हणाली.

ओबेदने पट्टी काढली नाही. थोड्या वेळाने तिनेच वर हात करून ती सोडवली, घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.

सायकल चर्चच्या मागच्या खोलीत होती. ती लाल होती आणि मापाची होती. एस्तेर बसली, दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. मग तिने पेडलवर पाय ठेवले, आणि तिथे ते हरवत नाहीत हे पायांना लगेच कळलं असावं, कारण पहिल्या फेरीतच तिने खाली बघायचं सोडलं. अंगणाला तिने नऊ फेऱ्या मारल्या. ओबेद दाढीसकट मागून धावला. ताई दारात उभी होती, दोन्ही हातांनी पदराचं टोक धरून.

दहाव्या फेरीला एस्तेर थांबली. उतरून तिने सायकल नीट निरखली, आईच्या घरात वाढलेली मुलगी निरखेल तशी.

"मापाचीच आहे की," ती म्हणाली. "मोठी नाही घेतली?" मग सीटखालच्या दांड्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मामा, मी वाढले की ही वर होते ना?"

ताईने तोंड वळवलं.

ओबेद खाली वाकला. चेहरा त्याचा नेहमीचाच होता, विनोद की निधनवार्ता ते न कळणारा.

"होते की," तो म्हणाला. "अजून चांगली वीतभर वर जाते."

आणि अंगरख्याच्या खिशातून पाना काढून त्याने सीटचा नट, आवळता येईल तितका, आवळला.